कुटारावर फिरलेली चाकं

बाजाराच्या दिवशी वाशीमजवळच्या मालेगावात लोक वांगी निवडायची सोडून दोन पाय बघत उभे होते. पाय हेमसिंग राठोडचे होते. उरलेला हेमसिंग बबनरावांच्या पांढऱ्या गाडीखाली होता. नाटकाच्या पहिल्या प्रवेशाला मिळावी तशी गर्दी जमली होती, आणि नायकाचं तोंडही अजून कुणाला दिसलं नव्हतं.

हा हेमसिंग तांड्यावरचा. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दिवाळी झाली की बायको भुरीबाईला घेऊन ऊसतोडीला जायचा. तिथे उसाचे ट्रॅक्टर बंद पडायचे आणि मिस्त्री येईपर्यंत सगळे बिड्या ओढत बसायचे. हेमसिंग मात्र मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसून बघायचा. चौथ्या वर्षी मिस्त्रीची वाट बघायची गरज उरली नाही. मग वाशीम रस्त्याला, बाजाराला लागून असलेल्या बबनरावांच्या मोकळ्या जागेत, टिनाचं शेड उभं राहिलं. वीस वर्षं झाली. नवऱ्यानं नुसता हात मागे केला की कोणता पाना द्यायचा हे भुरीबाईला न विचारता कळतं, आणि तो चुकीचा निघाला तर दोष नवऱ्याचा असतो.

या गाडीला आठ दिवसांपूर्वी हेमसिंगनंच नवी क्लच प्लेट बसवली होती. त्यानंतर आसेगावात बबनरावांच्या पुतण्याची वरात निघाली. गाडी बबनरावांच्या मुलानं, प्रज्वलनं चालवली. दुसऱ्या दिवशी इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. ट्रॅक्टरला बांधून ती शेडपर्यंत आणली, आणि प्रज्वलनं चारचौघांत सांगितलं, "बनावट प्लेट टाकली यानं."

बबनराव रागीट, पण न्यायाला धरून चालणारे. ते म्हणाले, "हेमसिंग, बाजाराच्या दिवशी सगळ्यायसमोर गाडी खोल. चूक पोराची असन तं मी बोलीन. तुही असन तं माह्या जागेवरचं शेड खाली कर."

त्या संध्याकाळी भुरीबाईनं चहा पुढे ठेवला. "शेड गेलं तं मंग काय, कोयता घ्याचा पुन्हा?"

"कोयता आहे कुठी?"

"मी तं तो कवाच इकला."

"मंग जिंकाच लागते आता," हेमसिंग म्हणाला आणि चहा प्याला.

तर आता गाडीखालून हेमसिंग बाहेर आला. काही उलगडायच्या आधी त्यानं प्रज्वलला विचारलं, "भाऊ, वरातीत गाडी कशी चालवली होती?"

प्रज्वल काळा चष्मा लावून मोटारसायकलीला टेकला होता. "ब्यांडाच्या मांगं, पहिल्या गेरात. इतकी हळू का नवरदेव झोपला."

लोक हसले. हेमसिंगही हसला.

गिअरबॉक्स खाली उतरला तसा जळका वास मिरचीच्या ढिगापर्यंत गेला. प्लेट काळी ठिक्कर पडली होती, झिजून पार आतल्या खिळ्यांना, रिबिटांना टेकली होती. प्रज्वल पुढे आला. "पाहा, आठ दिवसांत खल्लास. अस्सल मालाचं असं होते का?"

गर्दीत कुजबुज झाली. शेंगा विकणारा रामधन हळूच म्हणाला, "गेला बिचारा." भुरीबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं शेंगांचं माप भरायला घेतलं.

हेमसिंगनं प्लेटच्या मधलं लोखंड रॉकेलनं पुसलं आणि बबनरावांपुढे धरलं. नव्या प्लेटचं खोकं बबनरावांनीच जपून ठेवलं होतं. डोळ्यांना चष्मा लावून त्यांनी खोक्यावरचा नंबर वाचला, मग लोखंडावरचा. दोन्ही एकच निघाले.

"प्लेट अस्सल आहे," ते म्हणाले. "मंग जळली काहून?"

"बसवतानी काहीतरी चुकवलं असन यानं," प्रज्वल म्हणाला.

हेमसिंगनं इंजिनाला लागून असलेल्या जाड लोखंडी चाकावर, फ्लायव्हीलवर, बॅटरीचा उजेड टाकला. त्यावर निळे-जांभळे डाग उमटले होते. "लोखंड लय तापलं का असं निळं पडते जी."

"हळू गाडीत अर्धा क्लच दाबून बी तापते," प्रज्वल म्हणाला. आणि ते खरं होतं. हेमसिंगनं मान डोलावली. खऱ्याला खरं म्हणायला तो कधी भीत नव्हता.

मग त्यानं जॅक लावून पुढचं चाक काढलं. टायरची नक्षी बोटाला लागत नव्हती. एक्सल हातानं फिरवला तर सांध्यातून कटकट ऐकू आली. शेवटी चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून त्यानं स्क्रूड्रायव्हरनं काहीतरी खरवडलं आणि बबनरावांच्या तळहातावर ठेवलं. वितळून गोठलेला रबराचा काळा गोळा. त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, रुतलं होतं, लाडवात खसखस असावी तसं.

"आमच्या वावरात गाडी जाते. तिथलं कुटार आहे ते," प्रज्वल म्हणाला.

"कुटार तुमच्या वावरातलंच आहे भाऊ. पन ते रबराच्या पोटात कसं शिरलं? त्यासाठी आधी रबराचं पानी व्हा लागते."

मागे फक्त एक बकरी बोलली. हेमसिंग नट जमिनीवर मांडावेत तसे शब्द एकेक ठेवत गेला. "ब्यांडाच्या समोर सडकेवर कुटार टाकलं. हँडब्रेक ओढला, मांगची चाकं बांधली. पुढची चाकं कुटारावर जागच्या जागी फिरली, धूर निघाला, पोट्टे नाचले. मंग कुटार उडून गेलं. टायर डांबराले चिकटले, आन् सगळा जोर सांध्यावर आन् क्लचवर आला. प्लेट तिथंच मेली, जी. गाडी कशीबशी घरापर्यंत आली एवढंच."

रामधननं माप खाली ठेवलं. "मी होतो ना वरातीत. तो धूर मले फटाक्यायचा वाटला."

या वेळी हसू आलं ते पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. प्रज्वलनं चष्मा काढला. "पोट्टे म्हनत, कुटार टाकलं का चाक जागच्या जागी लवकर फिरते," तो म्हणाला. "गाडी बंद पडली तं मी भेलो."

"भेला तं भेला," बबनराव म्हणाले, "पन दुसऱ्याच्या पोटावर पाय काहून देल्ला?"

"बबनराव, तो कबूल झाला," हेमसिंग म्हणाला. "आता राहू द्या."

बबनराव दगडी पारावर चढले. त्यांचा आवाज बाजाराच्या शेवटच्या पालापर्यंत गेला. "हेमसिंगनं आमच्या गाडीत अस्सल माल टाकला होता. चूक माह्या पोराची. शेड जिथं आहे तिथंच राहीन, आन् आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडंच येतीन." टाळ्या पडल्या. पहिली टाळी कुणाची होती ते सांगता येत नाही, पण भुरीबाई दोन्ही हातांनी, शेवटपर्यंत वाजवत होती.

दुपारच्या बसनं वाशीमहून नवे सुटे भाग आले. उन्हं उतरायच्या आत गाडी उभी झाली. बबनरावांनी पुढचं दार स्वतः उघडलं आणि भुरीबाईला म्हणाले, "बसा वहिनी." ते स्वतः मागे बसले. प्रज्वल गर्दी बाजूला करत गाडीपुढे पायी निघाला.

"प्रज्वलभाऊ, दमला तं सांगजो," भुरीबाईनं खिडकीतून आवाज दिला. "आमची गाडी आता थांबत नाही."

हेमसिंगनं दुसरा गिअर टाकला, क्लचवरून पाय अलगद उचलला, आणि गाडी भर बाजारातून एक हिसका न देता चढावर चढली.