रफीका मेकॅनिकचा रोबो

ट्युनिशियातल्या सफाकस शहराच्या तटबंदीबाहेर, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर भरतकामाचा एक कारखाना होता. लग्नाच्या पोशाखांवर जरीची वेलबुट्टी काढणारी एकवीस मशिनं तिथे दिवसभर खडखडत असायची. त्यातलं एखादं बंद पडलं की बायका मालकाला हाक मारत नसत, रफीकाला मारत. रफीका मसमूदी एकतीस वर्षं तिथे मेकॅनिक होती. मशिनच्या पोटात दोन बोटं घालून, न बघता, कुठला स्क्रू ढिला झालाय ते ती सांगायची. आपल्या हातांचा तिला थोडा तोराही होता, आणि तो कुणाला खटकत नसे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले. सुरुवातीला चहाचा ग्लास हिंदकळायचा, मग सुईच्या नाकात दोरा जाईना. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, वयानुसार होतं, पण हे आता राहणारच. रफीकाने कुणाला सांगितलं नाही. हात एप्रनच्या खिशात ठेवून ती बायकांना तोंडाने सूचना द्यायला लागली. एका सकाळी तिच्या हातून पाना निसटून चालू मशिनमध्ये पडला आणि आतलं दोरा पकडणारं हुक मोडलं. कुणी एका शब्दाने बोललं नाही. तेच तिला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

घरी ती आणि तिची थोरली बहीण नझीहा, अशा दोघीच. नझीहाताई भूगोलाची शिक्षिका होती, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. तिला नाद एकच, जिगसॉ कोडी. बैठकीच्या खोलीतलं मोठं टेबल कायम तुकड्यांनी भरलेलं, त्यामुळे दोघी जेवायच्या स्वयंपाकघरात. त्या वर्षी फ्रान्समधल्या लिऑंहून भाच्याने गंमत म्हणून एक कोडं पाठवलं होतं. पाचशे तुकडे आणि सगळे कोरे पांढरे. चित्र नाही, रंग नाही, रेघ नाही. चार महिन्यांत ताईचे एकशेचाळीस तुकडे जुळले होते.

"नुसती खिडकीत बसून काय राहतेस? ये इकडे, हात लाव," ताई एके दिवशी म्हणाली.

रफीका नाइलाजाने उठली. तिने एक तुकडा उचलला, बसवायला गेली, हात जोरात हलला आणि कोपराचा धक्का लागून जुळलेला भाग टेबलावरून घसरत फरशीवर पडला. चार महिन्यांची मेहनत पाचोळ्यासारखी पसरली. रफीका पहिल्यांदाच बहिणीसमोर रडली. हाताचं सगळं तिने त्या दिवशी सांगितलं.

ताईने ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करत म्हणाली, "माझा चष्माही आता मला साथ देत नाही. मी हे पुन्हा जुळवणं कठीण आहे. तू मोडलंस, तूच जुळवायचं. तुझे हात नसतील चालत, तर चालणारे हात बनव. एकतीस वर्षं दुसरं केलंस काय?"

रफीकाला आधी राग आला. दोन दिवस ती ताईशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीचं बसीसाचं पीठ तेलात कालवता कालवता तिच्या मनात आलं, की भरतकामाच्या मशिनमध्ये सुई जागेवरच असते, कापडाची चौकटच मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकते, आणि केसाइतकाही फरक पडू देत नाही. त्या चौकटीवर कापडाऐवजी कोडं ठेवलं तर? सुईच्या जागी हवा ओढून तुकडा चिकटवून धरणारी रबराची छोटी वाटी लावली तर? वाडगा तसाच ठेवून तिने डोक्याला रुमाल बांधला आणि ती कारखान्याकडे निघाली.

राजीनाम्यानंतर तिने तो रस्ताच टाळला होता. भांडारावर जल्लूल होता, तिच्याइतकाच जुना आणि तोंडाचा फाटका. भंगारातलं सोळा नंबरचं मशीन हवंय, असं तिने सांगितलं. कशासाठी, ते सांगताना तिची जीभ अडखळली.

"म्हणजे आमच्याकडे नवऱ्यामुलींचे पोशाख पडलेत, आणि उस्ताद निघाल्या पुठ्ठ्याचे तुकडे जुळवायला," जल्लूल म्हणाला. पण मालकाची परवानगी त्यानेच काढली, आणि दुपारी मशीन तीनचाकीवर घालून स्वतः घरी आणून दिलं. जाताना त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात दिलं. आत नवं कोरं हुक होतं. "त्या दिवशी मोडलं ना, त्याच्या जागी दोन मागवली होती. एक तुझ्याकडे असू दे. हुकं काय, मोडतातच."

लोखंडाचं काम रफीकाला जमण्यासारखं होतं. स्क्रू पिळायला हात थरथरले तरी चालतं. पण तुकड्यांचे आकार ताडून बघायला कॉम्प्युटर हवा, आणि त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. कारखान्यातल्या लतीफाची मुलगी उल्फा कम्मून इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. लहानपणी शाळा सुटली की ती रफीकाच्या हत्यारांच्या पेटीवर बसून अभ्यास करायची. रफीका भीतभीत तिच्याकडे गेली. उल्फाने सगळं ऐकलं, वही ओढली आणि म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं तुम्ही मला विसरलात. रविवारी येते. जेवायला मासा घातलेला कुसकुस करा, बाकी माझ्यावर सोपवा."

मग चार महिने दर रविवारी उल्फा येत राहिली. पहिली अडचण सावलीची निघाली. पांढऱ्या तुकड्याचा फोटो काढला की कडेला सावली पडे, आणि कॉम्प्युटर सावलीलाच कड समजे. दिवा इकडून लावला, तिकडून लावला, काही उपयोग होईना. ताई भाजी निवडत बघत होती. ती म्हणाली, "आम्ही शाळेत नकाशे गिरवायचो ते काचेवर, खालून दिवा लावून. वरून कशाला उजेड पाडताय?" उल्फाने कपाळाला हात लावला. चौकटीवर दुधी रंगाचा पातळ अॅक्रिलिकचा तक्ता बसवला, खाली दिवे सोडले, आणि प्रत्येक तुकड्याची कड काळीभोर, स्वच्छ दिसायला लागली. पाचशे फोटो निघाले. कॉम्प्युटरने प्रत्येक तुकडा बाकी सगळ्यांशी ताडून पाहिला आणि कुठला कुणाशेजारी, याची यादी दिली.

वाटलं, झालं आता. पण खरी गोम पुढेच होती. रबराची वाटी तुकडा अचूक उचले, चौकट अचूक जागी सरके, वाटी तो खाली ठेवी, आणि तुकडा वरच अडून राही. दोन कडा एकमेकींवर टेकत, आत बसत नसत. वाटीने जास्त दाबलं की पुठ्ठा दुमडे. उल्फाने हिशेब पुन्हा मांडले, रफीकाने चौकट तीनदा खोलून बसवली. तीन रविवार असेच गेले. उल्फाचा चेहरा पडला. मोजमाप चुकत नाही, तरी बसत का नाही, हेच तिला कळेना.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर रफीका एकटीच मशीनपाशी उभी होती. अडलेला तुकडा काढायला म्हणून तिने त्यावर बोट ठेवलं. बोट नेहमीसारखं थरथरलं, आणि तुकडा टिचकन आत बसला. तिने तो काढला, पुन्हा वर ठेवला, पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा बसला. तिसऱ्यांदाही.

"उल्फा, इकडे ये," तिने हाक मारली. "आपण याचा हात फार स्थिर केलाय. याला थोडा माझ्यासारखा कर."

उल्फा तिच्या बोटाकडे बघत राहिली. एवढे महिने ती त्या हातांकडे बघायचं मुद्दाम टाळत होती, रफीकाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. आता तिने ते बोट धरून फोनच्या कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि थरथर मोजली. एका सेकंदात सहा वेळा, अगदी जराशी. तेवढीच थरथर त्यांनी चौकटीला दिली. तुकडा टेकला की चौकट क्षणभर शहारल्यासारखी हले, आणि तुकडा आपली वाट शोधून आत जाई.

कोडं पुरं व्हायला दोन दिवस लागले. ताई वीस-वीस तुकडे कडेला मांडून देई आणि मशीन एकेक उचलून बसवी. दुसऱ्या दिवशी दुपारी जल्लूल आला, लतीफा आली, कारखान्यातल्या सात-आठ बायका आल्या. बदामाचा चहा फिरत होता. शेवटचा तुकडा बसला. झाल्यावर तिथे बघण्यासारखं तसं काहीच नव्हतं, एक पांढरा चौकोन. जल्लूल वाकून बघत म्हणाला, "एवढा खटाटोप करून कोरा कागद केलात होय?" सगळ्या हसल्या. ताई सर्वांत जास्त हसली. मग तिने रफीकाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सगळ्यांदेखत कपाळाला लावले. रफीकाने ते मागे घेतले नाहीत.

त्या रात्रीच्या नमाजात तिने काही मागितलं नाही. नावं घेतली फक्त, ताईचं, उल्फाचं, जल्लूलचं. मग कारखान्यातल्या त्या बायकांची, ज्या पाना पडला त्या दिवशी गप्प राहिल्या होत्या. तेव्हा तिला ती कीव वाटली होती. आता कळलं, वाईट वाटून त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.

पुढच्या सत्रापासून उल्फाच्या कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस रफीका मुलामुलींना मशिनं शिकवायला लागली. सोळा नंबरचं मशीनही तिच्यासोबत वर्गात आलं. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर चौकटीची आकृती काढली, रेघा नागमोडी आल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "उस्ताद, ती वरची दांडी सरळ आहे की वाकडी?"

"सरळ आहे," रफीका म्हणाली. "इथे येऊन बघ, मशीनला हात लावून बघ. फळ्यावर कशाला जातेस?"

मुलगी उठली, तिच्यामागून बाकीचेही उठले, आणि सगळे सोळा नंबरच्या मशीनभोवती गोळा झाले.