माइकवर घेतलेलं नाव

नवऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. उखाण्यांतून ते इतकं घेतलंय, की आता बास. तालुक्याला ते साहेब होते आणि मी वहिनी, एवढं पुरे.

माझं माहेर ताडकळसचं. वडील शेतकरी, पण पोरीला शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेले. त्यांनी मला परभणीला वसतिगृहात ठेवलं आणि तिथं मला माझी मैत्रीण भेटली. बौद्ध घरातली, रेल्वेतल्या गँगमनची लेक, आणि तोंडानं अशी फटकळ की मास्तरसुद्धा दबकून असायचे. वक्तृत्व स्पर्धेला आम्ही जोडीनं जायचो. पहिला नंबर कधी तिचा, कधी माझा. वडील बाजारात भेटेल त्याला सांगायचे, "आमची पोरगी वकिलावानी बोलती बरं का!" मला पुढं शिकायचं होतं हो, लय शिकायचं होतं. पण मॅट्रिकचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात सेलूच्या मोठ्या घरात माझं लग्न लागलं. मैत्रीण शिक्षिका झाली आणि काही वर्षांनी सेलूच्याच शाळेत आली.

साहेब तेव्हा पंचायत समितीत होते आणि डोळा आमदारकीवर होता. पुढाऱ्याच्या बायकोचं काम काय? पदर सावरून स्टेजवर बसायचं, शिलाई मशिनी वाटायच्या, लग्नाकार्यात ओट्या भरायच्या. भाषण साहेबांचं. माझ्यापुढं माइक यायचा तो एकाच कामाला. "वहिनी, उखाणा! उखाणा!" बाया ओरडायच्या आणि मी घ्यायचे. चांगले घ्यायचे, खोटं कशाला बोलू? दहा गावांत त्याच्यावरून ओळख झाली होती माझी. आता आठवलं की हसू येतं आणि संतापही येतो.

मग नामांतराचं पेटलं. देशाची घटना ज्यांनी लिहिली त्यांचं नाव मराठवाड्याच्या विद्यापीठाला द्यायचं ठरलं, आणि गावोगाव बौद्धांच्या घरांना आगी लागल्या. मैत्रिणीचे वडील नोकरी संपवून गावी राहायला गेले होते. त्यांचंही घर जळालं. म्हातारा-म्हातारी नेसत्या कपड्यांनिशी सेलूला लेकीच्या दोन खोल्यांत आली.

ती माझ्याकडं आली ती थेट स्वयंपाकघरात. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुझा नवरा वाईट माणूस न्हाई. त्यानं एकदा भर सभेत म्हणावं, नाव द्या म्हणून. आमच्या गावातली माणसं त्याचं ऐकतेत. माझ्या बापाला घरी परत जायचंय ग. दुसरं काई मागत न्हाई तो."

मी साहेबांना विचारलं. "माझी कुठं ना हाय?" ते म्हणाले. "पण आत्ता बोललो तर तिकीट गेलं म्हणून समज. वेळ येऊ दे." घरात ते खरोखर तसंच बोलायचे, नामांतर व्हावं म्हणायचे. दाराबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. वर्षं चालली आणि म्हातारा लेकीच्या ओट्यावर बसून गावाकडून येणाऱ्या एसट्या बघायचा.

एका संक्रांतीला साहेबांनी माझ्या नावानं मोठं हळदीकुंकू ठेवलं. निवडणूक तोंडावर आली होती. मैत्रीण कुंकू लावून घेत नसे, पण तिळगुळाला दरवर्षी यायची, मागच्या सतरंजीवर बसायची. माइक हातात आला, बायांनी गलका केला आणि कुणास ठाऊक कुठून धीर आला, मी घेतलं नाव:

"गंगेच्या पाण्याला नको वेगवेगळा घाट,
रावसुद्धा बघतात नामांतराची वाट!"

'राव'च्या आधी साहेबांचं नाव होतंच, खणखणीत. पुढच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मागून एकटीच्या टाळ्या ऐकू आल्या. त्या कुणाच्या हे मला न बघताच कळलं.

दिवेलागणीला बैठकीत माणसं जमली. "साहेब, वहिनी हे काय बोलायल्यात?" मी दाराआड उभी होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. तीर सुटलाय, आता काय लपवायचं राहिलंय? साहेब मोठ्यानं हसले. "अरे, बायकांच्या उखाण्यावर काय जाता? घाटाला वाट जुळली, घेतलं झालं!" सगळी बैठक हसली. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या कार्यक्रमापासून एक कार्यकर्ता मला उखाणे लिहून आणून द्यायला लागला.

बैठकीतलं हसणं गावभर झालं, तिच्यापर्यंतही गेलं. साहेब निवडून आले. त्याच सुमाराला तिचे वडील त्या दोन खोल्यांत वारले आणि तिनं परभणीला बदली करून घेतली.

पुढं खूप वर्षांनी विद्यापीठाला ते नाव लागलं. परभणीत सभा झाली. साहेब आता उघड बोलत होते, हार घालून. "आमच्या घरातून तर कवाच घोषणा झाली होती!" म्हणाले आणि माझा उखाणा जशाच्या तसा म्हणून दाखवला. टाळ्याच टाळ्या. मी उठले, कुणाला न सांगता ऑटोरिक्षा केली आणि तिचं घर गाठलं.

तिनं दार उघडलं, चहा टाकला. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. मी सभेतलं सगळं सांगितलं आणि रडायलाच लागले. म्हणाले, "मी तर बोलले होते ना ग? तू तर ऐकलं होतंस!"

"ऐकलं की," ती म्हणाली. "घरी पळत आले अन् बापाला सांगितलं, साहेब आपल्या बाजूनं हायेत. संध्याकाळी ते खोटं पडलं. म्हातारा म्हणला, जाऊ दे, साहेबाचं कळलं. पण तुझी मैत्रीण काय म्हणती? तिचं तिचं काय म्हणणं हाय?"

तिनं कप माझ्यापुढं ठेवला.

"मला सांगता आलं न्हाई. माइकवर तू साहेबांचंच म्हणणं सांगितलं व्हतंस."