मास्तरांच्या कोंबड्या आणि अध्यक्षांची पँट

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच बेकायदा गोष्ट केली, आणि तीही अंडी घालणारी.

सोसायटीत कुत्रा चालत होता, मांजर चालत होतं. कोपऱ्यावरच्या निवृत्त कॅप्टनचा पोपट तर सभेला येऊन शिव्या देत होता. कोंबडी मात्र चालत नव्हती. कोंबडी आली की सोसायटीचं खेडं होतं, असं अध्यक्षांचं मत होतं. आणि अध्यक्षांच्या मताला तिथे नियम म्हणत.

मास्तर शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड खुराडं, त्यात चार कोंबड्या. तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईक पळवल्यापासून मास्तरांना बोलायला घरात बायको होती आणि अंगणात कोंबड्या. पैकी कोंबड्या ऐकून घेत.

अडचण एवढीच, की कोंबडीला गुपचूप अंडं घालता येत नाही. लिंबाएवढं अंडं घालून ती राज्य जिंकल्याचा डंका पिटते. मास्तरांनी तोडगा काढला. मागे आरडा सुरू झाला की पुढे मशीन भरधाव सोडायचं. शिवायला काही नसलं तर चिंधीवर चिंधी. घरातल्या एकूण एक फडक्याला चारही बाजूंनी शिवण बसली. शेजारी म्हणत, "ह्या वयात काय उरक आहे माणसाचा!"

पण कोंबड्याही ऐकत होत्या. त्यांनी आपल्यापुरता निष्कर्ष काढला, की पुढच्या खोलीत एक थोरली कोंबडी राहते, आणि तिने हाक दिली की ओ द्यायची असते. मास्तरांना याचा पत्ता नव्हता. आधी मशीन आणि मागून आरडा, असं कधी घडलंच नव्हतं, कारण गिऱ्हाईकच नव्हतं.

मग गिऱ्हाईक आलं. साक्षात अध्यक्ष. संध्याकाळी वार्षिक सभा, आणि पँटचं बटण लावलं की श्वास घेता येईना.

"आत्ताच्या आत्ता सैल करा, मास्तर. मी थांबतो," असं म्हणून ते पडद्याआड गेले, पँट बाहेर दिली आणि चादर गुंडाळून उभे राहिले.

मास्तरांनी कंबर उसवली, पेडलवर पाय ठेवला. मशीन धडधडलं. मागून चौघींनी एका सुरात ओ दिली.

"हे काय?"

"जुनं मशीन आहे, साहेब. तेल मागतंय."

मास्तरांनी पाय काढला. मशीन थांबलं. तेल मागणं थांबलं नाही.

अध्यक्ष चादरीसकट मागच्या दाराकडे निघाले. मास्तरांची बायको आडवी आली. "अहो, कुंपण बुटकं आहे. पलीकडे बायका कपडे वाळत घालताहेत. तुम्ही अध्यक्ष माणूस, असे चादरीत कुठे जाता?"

"मग पँट द्या!"

"होईल हो, सावकाश होईल," असं म्हणत तिने नवऱ्याकडे डोळे वटारले आणि माळ्यावरची टोपली काढायला धावली. तिची बहीण सोसायटीच्या फाटकाबाहेर, चढावरच्या गल्लीत राहत होती. तेवढा वेळ मिळाला, तर कोंबड्या तिच्याकडे पोचणार होत्या.

पण घाबरले की मास्तरांचे हात पळत. टोपली माळ्यावरच होती आणि पँट तयार.

"सगळ्या संसारात एक काम वेळेवर केलंत!" बायको माळ्यावरून म्हणाली.

अध्यक्ष अंगणात गेले. वाकून खुराड्यात पाहिलं. शिवण टिकली.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"त्या कुणाला काही करत नाहीत, साहेब. आवाज दिला की ओ देतात. ह्या घरात दुसरं कोण देतं?"

"मी काय शीळ घालते?" बायको म्हणाली.

अध्यक्षांनी कमरेत दोन बोटं घालून पाहिली. "पँट झकास झालीय," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. रविवारपर्यंत हलवा."

रविवारी कोंबड्या मेहुणीच्या परसात गेल्या. सोमवारी मास्तरांनी मशीन सुरू केलं. मागे सगळं चिडीचूप. त्यांनी थोडं शिवलं, थांबले, मागच्या दाराकडे कान लावला, पुन्हा शिवलं. असं करता करता कुणाच्याशा सदऱ्याची बाही खिशाला जोडली गेली.

बायकोने ते पाहिलं आणि म्हणाली, "उचला ते मशीन आणि जा तुमच्या मैत्रिणींकडे. जेवायला तेवढे घरी या."

हातगाडीवरून मशीन आलेलं पाहून मेहुणी म्हणाली, "या भावोजी. कोंबड्या आल्या तेव्हाच म्हटलं, आता मागोमाग खाटीक येणार नाहीतर तुम्ही."

दुकान आता तिथे चालतं. मशीन धडधडतं, परसातून ओ येते, मास्तर समाधानाने दोरा तोडतात. सोसायटीत मात्र शिंपी उरला नाही. अध्यक्षांना पँट घेऊन तो चढ पायी चढावा लागतो, कारण त्या गल्लीत मोटार शिरत नाही. पहिल्या काही वेळा ते सैल करायला आले. हल्ली घट्ट करायला येतात.