एव्हर्टची विजार

अ‍ॅमस्टरडॅमचा लुब्बर्ट तेउनिस तांब्याच्या पत्र्यावर शहरांच्या वेढ्यांची चित्रं कोरायचा; पत्र्यावरून ती कागदावर छापून विकली जात. तट, तोफा, खंदक, तंबू. स्वतः त्यानं एकही वेढा पाहिला नव्हता. त्याचा मुलगा एव्हर्ट मात्र सैन्याबरोबर स्पॅनिशांच्या ताब्यातल्या ग्रोल शहराच्या वेढ्यात खंदक खणायला गेला आणि तटावरून आलेली गोळी लागून तिथंच मेला. प्रेतही हाती आलं नाही. मग ग्रोलचं चित्र कोरताना बापानं पुढच्या कोपऱ्यात त्याला कोरला, फावडं घेऊन वाकलेला. पोराचं तेवढंच रूप उरलं होतं. आई माख्टेल्ट दर रविवारी चर्चमधून निघाली की चित्रांच्या दुकानाशी थांबून खिडकीत लावलेलं ते चित्र बघायची.

दोन वर्षांनी डेन बॉस हे स्पॅनिशांचं आणखी एक शहर वेढ्यात पडलं. दुकानाचा मालक हिलेब्रांट स्टोफेल्स, चपट्या नाकाचा, पक्का हलकट माणूस, ग्रोलचाच पत्रा घेऊन आला.

"ग्रोल खरवड, डेन बॉस कोर. तंबू, तोफा राहू देत. कुणाच्या बापाला कळतंय?"

यात नवं काही नव्हतं. लुब्बर्टनं असे चार वेढे फिरवले होते. पण स्टोफेल्सनं कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि कोपऱ्यातला नेहमीचा हगणारा कुठाय? गिऱ्हाईक आधी तोच शोधतं. हा बघ, आयताच वाकलाय. विजार खाली ओढ की झालं."

"तो माझा एव्हर्ट आहे, मालक."

"मग? मेलेल्याला कसली लाज? परवा पत्रा हवा. तुला जमत नसेल तर पलीकडच्या गल्लीतला कोरेल."

लुब्बर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही म्हणावं, तर परक्याच्या हातून पोराची अब्रू जाणार. त्यानं पत्रा उलटा करून मागून ठोकला, पुढून घासला, एव्हर्टला पुसून टाकला. त्या जागी दुसराच हगणारा बसवला: चपटं नाक, पिसाची टोपी, हुबेहूब स्टोफेल्स. कोरताना त्याला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोला.

चित्र छापून खिडकीत लागलं. स्टोफेल्सला स्वतःचं थोबाड ओळखता आलं नाही. गल्लीला आलं. लोक खिडकीशी पोट धरधरून हसले.

रविवारी माख्टेल्ट त्या गर्दीतून घरी आली.

"एव्हर्ट कुठंय?"

लुब्बर्टनं सगळं सांगितलं, मालकाच्या नाकासकट. ती हसली नाही.

"त्याची विटंबना होऊ नये म्हणून पुसला गं."

"तिथं त्याला स्पॅनिशांनी मारलं," ती म्हणाली. "इथं तुम्ही."