साधनावहिनींनी निवडलेला मॅनिफोल्ड

साधनावहिनी गाडी चालवत असताना जो त्यांच्या शेजारी बसला, तो पुन्हा त्यांच्याशी वाद घालायच्या फंदात पडत नाही. एरवी बाई अगदी शांत. जर्मनीत, येना गावातल्या एका कारखान्यात दुर्बिणींची भिंगं तपासतात आणि समोरचा मोठ्याने बोलायला लागला की स्वतःचा आवाज आणखी खाली आणतात. पण त्यांची ती निळी, जुनी जपानी टर्बो गाडी ऑटोबानच्या मोकळ्या पट्ट्यावर आली, की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी देवळातसुद्धा फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

मी त्यांचा धाकटा दीर, श्रीपाद. म्युनिकला इंजिनांमधल्या हवेचं काम करतो. म्हणजे दिवसभर कंप्युटरवर हवा कुठून कशी वाहते ते बघायचं आणि संध्याकाळी एस-बान, म्हणजे इथली लोकल, रद्द झाली म्हणून चिडायचं. आईच्या मते घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आणि सगळी भीती वहिनींच्या नवऱ्याच्या, गुरुदत्तदादाच्या. यात आईचं काही चुकलेलं नाही.

फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. काचबिंदूने त्यांचं बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगून टाकलं, की हा उन्हाळा दिवसाउजेडी जपून चालवा, हिवाळ्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही. वहिनींनी हे मला बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि त्याच दमात जर्मन ढंगात म्हणाल्या, "आल्झो, तर भाऊजी, माझ्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डला चीर गेलीय. नवा निवडायचाय. मदत कराल ना?"

मी म्हटलं, करतो.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला वाढपी. एका डब्यात हवा येते आणि चार नळ्यांमधून ती चार सिलिंडरांच्या पानात वाढली जाते. वाढपी चांगला असेल तर शेवटच्या पानालाही पहिल्याइतकंच मिळतं. नळ्या आखूड आणि जाड असतील तर इंजिन वरच्या वेगाला भरपूर ताकद देतं. लांब आणि अरुंद असतील तर ताकद खालच्या वेगापासूनच मिळायला लागते, पण वर जाऊन दम कमी पडतो. वहिनींच्या गाडीचा मूळ भाग कंपनीने बनवणं कधीच थांबवलं होतं. त्यामुळे बाहेरच्या कोणा बनवणाऱ्याचा घेणं भाग होतं, आणि असे बनवणारे ढिगाने आहेत.

दादाचं म्हणणं सरळ होतं. कशाला नवा भाग, उन्हाळा संपला की गाडी विकून टाकू. त्या गाडीची त्याला मनापासून धास्ती वाटते. "गप्प असते, गप्प असते आणि एकदम लाथ मारते," असं तो म्हणतो. यात खोटं काही नाही, टर्बो जागा व्हायला वेळ लागतो आणि जागा झाला की धसमुसळेपणा करतो. त्यातून दादा गाडी शिकला पुण्यात, जिथे शिकवणाऱ्या सरांच्या लेखी गाडीचा एकच गुण होता, ॲव्हरेज. इंजिनने जरा आवाज चढवला की वरचा गिअर टाकायचा, पेट्रोल वाचवायचं. जर्मनीत येऊन दादाचे केस पिकले, पण ती सवय गेली नाही. पुढे मोकळा रस्ता असला तरी हा पाचव्या गिअरमध्ये बैलगाडीच्या शांतपणे जातो आणि मागचे लोक दिवे मारत राहतात.

विकण्याबद्दल वहिनी काही बोलायच्या नाहीत. एकदाच मला म्हणाल्या, "चालवणारं कोणी नसेल तर उभी करून ठेवण्यात काय अर्थ आहे? पण गेली तर मला घर रिकामं वाटेल, भाऊजी."

मी ठरवून टाकलं की बाईंचा हा शेवटचा उन्हाळा झोकात झाला पाहिजे. शनिवार-रविवार बसून मी निरनिराळ्या मॅनिफोल्डांची आकडेमोड केली. सगळ्यांत सरस ठरला तो आखूड नळ्यांचा, मोठ्या डब्याचा. साडेपाच हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांच्या, वर त्यातून हवा अशी धावते की मीच दोनदा तपासून पाहिलं. ईस्टरला येनाला गेलो आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून लाल-पिवळी चित्रं दाखवली. दादा वरणभात कालवत बघत होता. वहिनी मान डावीकडे-उजवीकडे वळवून, चित्राचा एकेक कोपरा नजरेत धरून बघत होत्या. आता त्यांना असंच बघावं लागायचं.

"किती सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आणि दोन हजारावर?"

"दोन हजारावर कोण चालवतं ही गाडी, वहिनी?"

"गेनाऊ, बरोबर," म्हणून त्या हसल्या आणि ताक आणायला आत गेल्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. ज्या बाईने लग्नापासून, स्वतः गाडीत असताना, दादाला सहसा स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, ती त्यांच्या दुसऱ्या, घरच्या गाडीतून त्याला सगळीकडे चालवायला लावायला लागली. भाजी आणायला, कामावर, टेकडीवर फिरायला. स्वतः शेजारी डोळे मिटून बसायची. दादा फोनवर कौतुकाने सांगायचा, "अरे, हल्ली ती माझ्या ड्रायव्हिंगला नावंच ठेवत नाही." डोळ्यांना ताण नको म्हणून असेल, असं आम्ही दोघं धरून चाललो.

भाग मागवण्याआधी वहिनी गाड्यांच्या तपासणी केंद्रावर जाऊन आल्या. इथे असला भाग बदलला की त्याची कागदपत्रं दाखवून गाडीच्या नावावर तो चढवून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपण आधी बसवतो आणि मग कागद शोधत फिरतो. त्यांनी आधी तपासनिसालाच विचारलं की तुम्हाला काय काय बघायचं असेल.

जूनमध्ये पार्सल आलं तेव्हा मी मुद्दाम येनाला गेलो. गॅरेजमध्ये खोकं उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. आत लांब, अरुंद, हत्तीच्या सोंडेसारख्या वळलेल्या नळ्या होत्या.

"चुकीचा पाठवलाय यांनी," मी म्हटलं. "परत करा. आत्ताच्या आत्ता मेल टाकतो."

"नाही हो. हाच मागवलाय मी."

"वहिनी, याने वरची सगळी ताकद जाणार. एवढी मेहनत घेतली मी. तुमचा हा शेवटचा…" पुढचं मी गिळलं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बोट घाला आत." मी घातलं. त्यांनी माझं मनगट धरून हळूच फिरवलं. नळी कुठे वळते ते बोटाला कळतच नव्हतं, इतकी ती आतून गुळगुळीत होती. "आता ऐका," त्या म्हणाल्या. "तुमचे दादा दोन हजाराला गिअर टाकतात. चढ असेल तर बावीसशे. डावं वळण आलं की आधीच पाय उचलतात, उजव्याला नाही उचलत. मी सगळा वसंत ऐकत बसले होते. त्यांना भीती वेगाची नाहीये, त्या लाथेची आहे. खालपासून हवा नीट मिळाली तर गाडी लाथ मारणार नाही."

मी खोक्याशेजारी खालीच बसलो. इतकी वर्षं मी हवेला फक्त किती आणि किती वेगाने एवढंच विचारत आलो होतो. गाडी कोण चालवणार आहे हा प्रश्न माझ्या एकाही आकडेमोडीत नव्हता. आणि ही बाई, जिच्या नजरेचा घेर महिन्यागणिक आकसत होता, ती नवऱ्याच्या पायाची चाल कानाने टिपून त्याच्या मापाचं इंजिन घडवत होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी लगेच टिंगल केली असती.

म्युनिकला परतल्यावर मी तो लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड दादाच्या दोन हजारांवर चालवून पाहिला. चारही सिलिंडर सावकाश, सारखे भरत होते. पडद्यावर ती निळी हवा नळ्यांमधून उतरताना बघत मी कितीतरी वेळ बसून राहिलो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझी वहिनी.

जुलैत भाग बसला, इंजिनची जुळणी झाली, तपासनिसाचा शिक्का मिळाला. रविवारी सकाळी वहिनींनी दादाच्या हातात किल्ली दिली. तो नको नको म्हणाला, पाठ दुखतेय म्हणाला, श्रीपादला चालवू दे म्हणाला. वहिनी शेजारच्या सीटवर बसून पट्टा लावून मोकळ्या झाल्या. मी मागे, गुडघे हनुवटीला टेकवून.

येनाच्या चुनखडीच्या टेकड्यांवर जाणारा रस्ता चांगलाच चढा आहे. दादाने दोन हजाराला दुसरा टाकला, दोन हजाराला तिसरा. त्याचे खांदे आक्रसलेले मला मागून दिसत होते, तो लाथेची वाट बघत होता. लाथ आलीच नाही. कोणीतरी पाठीला हात लावून चढवत न्यावं तशी गाडी वर जात राहिली. चौथ्या गिअरमध्ये दादाचे खांदे खाली आले. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या आणि प्रत्येक गिअरला त्यांचं मांडीवरचं बोट किंचित हलत होतं, गिअर पडायच्या जरा आधीच. मला भरून आलं. लपवायला त्या मागच्या सीटवर जागा नव्हती, आणि बघायलाही कोणी नव्हतं.

वर पोचल्यावर दादाने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "हिला काय केलंस?" त्याने विचारलं.

"तुमच्या पायाला जमेल अशी केली."

टेबलावरची ती लाल-पिवळी चित्रं दादाच्या लक्षात होती. तो म्हणाला, "अगं, मग तो दुसरा घ्यायचास ना. निदान हा उन्हाळा तरी तुझ्या मनासारखा गेला असता."

वहिनींनी त्याच्याकडे बघायला पूर्ण मान वळवली. "एका उन्हाळ्यासाठी कशाला, अहो?" त्या म्हणाल्या. "मला पुढची सगळी वर्षं याच सीटवर बसून जायचंय."