आई सिरीयस असल्याचा निरोप

आमचे हे व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहेत. पडेगावच्या पुढं केंद्र आहे, तिथं सगळे यांना गोकुळ सर म्हणतात. मला अजून हसू येतं. याच सरांना मी करमाडच्या स्टँडवरून उचलून घरी आणलेलं आहे, उलटीनं भरलेल्या शर्टासकट! त्याच केंद्रात यांची दारू सुटली. पेशंटचं खोटं यांना लगेच कळतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कामाला ठेवून घेतलं.

अन् कळणारच की! स्वतः काय कमी खोटं बोललेत? केंद्रातून बाहेर पडायला यांनी माझी आई दोनदा खोटीच मारली. दोस्ताला माझा मामा म्हणून फोन करायला लावला. आई तिकडं करमाडला शेंगा फोडत बसलेली, ठणठणीत!

मागच्या वर्षी फुलंब्रीचा सांडू भरती झाला. एका दुपारी त्याच्या चुलतभावाचा, बन्सीचा फोन आला. सांडूची आई मनकर्णाबाई लई सिरीयस आहे, घाटी दवाखान्यात ठेवलंय, त्याला पाठवा. सांडू यांच्या पाया पडला, ढसाढसा रडला. हे म्हणाले, "सांडू, हे नाटक मी तुझ्याआधी केलंय."

संध्याकाळी मला हसत हसतच सांगितलं. मी म्हणलं, "अहो, घाटीत एक चक्कर मारून यायची ना."

"तुला नाय कळायचं. एकदा ऐकलं की माणूस हातातून गेला."

यांचं दरवेळी बरोबरच निघायचं. मी भाकरी थापायला लागले.

सकाळी बन्सी केंद्राच्या दारात उभा. "म्हातारी गेली. पहाटेपर्यंत त्याचंच नाव घेत होती."

यांनीच सांडूला गाडीवर बसवून फुलंब्रीला नेलं. अग्नी त्यानं दिला. पण जाताना आईच्या तोंडात पाणी घालायचं राहिलं, ते राहिलंच. दुसऱ्या कुणी यांची गचांडी धरली असती. सांडू मुकाट्यानं केंद्रात परत आला अन् उपचार पुरे करून गेला.

तेव्हापासून कुणाची आई आजारी म्हणलं की हे गाडी काढून दवाखान्यात बघायला जातात. बहुतेक खोटंच असतं. खोटं निघालं की यांचा चेहरा खुलतो. मला मात्र बघवत नाय.

परवा सांडू हरभऱ्याचे ढाळे घेऊन घरी आला. अजून प्यायला नाय, तब्येत सुधारली. चहा पिऊन उठला, चपला घालता घालता म्हणाला, "सर, उगं मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी तुमी सोडलं असतं ना, तर मी घाटीत गेलोच नसतो. सरळ गुत्त्यावर गेलो असतो."

तो गेला तरी हे दारातच उभे.

"आता तरी ऐकलं ना? तुमची चूक नव्हती," मी म्हणलं.

"खोटं बोलला गं तो. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला," हे म्हणाले, अन् तिथंच उंबऱ्यावर बसून रडायला लागले.