बापाविरुद्धचं भाषण

माझ्या बापाला आळशी कसं म्हणायचं, ते मला गुरुजींनी शिकवलं. हातवाऱ्यांसकट. ‘कूळ’ म्हणताना हात खाली, ‘मालक’ म्हणताना वर.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत वादविवाद ठेवला: कसेल त्याची जमीन व्हावी की नाही. व्हावी म्हणायला खोतांचा नातू. नको म्हणायला मी, त्याच खोतांची जमीन कसणाऱ्या कुळाचा मुलगा. मी कुरकुरलो. गुरुजी म्हणाले, वक्त्याला कुठलीही बाजू मांडता आली पाहिजे. मग ही बाजू नातवाला का नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

कार्यक्रमाच्या खुर्च्या खोतांच्या घरून आल्या. बापाने डोक्यावरून आणल्या. वेठीने. मग तो दाराबाहेर उभा राहिला. आत बस, असं कोणी म्हणालं नाही.

नातू बोलला. शेतकऱ्याच्या घामावर बोलताना त्याने दोन्ही हात पसरले. टाळ्या पडल्या. खोतांनीही वाजवल्या.

मग मी. “कूळ हा जात्याच आळशी. मालकाने हाकलल्याशिवाय तो नांगराला हात लावत नाही.” खोत मांडीवर थाप मारून हसले. सगळे हसले. दाराशी बापही हसत होता. शिपायाला सांगत होता, “माजा पोरगा हाय तो.”

मी भाषण तिथेच थांबवलं.

खोत म्हणाले, “थांबलास का रे? खरं तेच तर बोलतोयस.”

“खोटं हाय. पुढचं मी बोलणार न्हाय.”

गुरुजींनी कान धरून मला खाली उतरवलं.

वाटेत बाप रागावला. मोठ्या माणसांसमोर असं बोलतात का, म्हणाला. मी विचारलं, मी आधी कोणाबद्दल बोलत होतो, कळलं का?

“कळलं रं. पर बोलत व्हतास चांगला.”

त्या उत्तराची चीड अजून गेलेली नाही. ज्यांनी त्याला असं उत्तर द्यायला लावलं, त्यांच्यावरची.

आवाज कसा फेकायचा, कुठे थांबायचं, हे त्याच गुरुजींनी शिकवलं. मी पदवीधर झालो त्यात त्यांचा वाटा आहे. ते उपकार मी मानतो. पण आता मुलांना बोलायला मी शिकवतो. भाषण लिहून देत नाही. कुळाच्या पोराला कुळाविरुद्ध उभं करत नाही. मालकाची बाजू मालकाच्या पोराने मांडावी, आणि माझी पोरं विचारतील त्याचं उत्तर द्यावं. संस्थाचालक म्हणतात, मी मुलं उद्धट करतोय. नोकरी घालवायची तर घालवा. मी असंच शिकवणार.